घटक ४ : असामान्य बुद्धीचा नायक – डॅनियल कीज यांची कादंबरी ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला :
• असामान्य मानसिक शक्ती लाभलेल्या नायकाची विज्ञानसाहित्यातील परंपरा थोडक्यात सांगता येईल.
• ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’ या कादंबरीचे कथानक व तिची जडणघडण विशद करता येईल.
• दैनंदिनीवजा निवेदनपद्धती आणि आशय यांचे नाते स्पष्ट करता येईल.
• बुद्धी आणि माणूस म्हणून असलेले मोल यांविषयी कादंबरीने उपस्थित केलेल्या प्रश्नाची चर्चा करता येईल.
• अशी कादंबरी मराठीत आणताना भाषेच्या पातळीवर कोणत्या अडचणी येतील, याचा विचार करता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, सामान्य माणसाला जे कळत नाही ते कळणारा, दुसऱ्याच्या मनातले वाचणारा किंवा अफाट बुद्धीचा नायक हा विज्ञानसाहित्याचा जुना विषय आहे. ओलाफ स्टेपल्डन यांच्या ‘ऑड जॉन’ (१९३५) या कादंबरीचा नायक जन्मतःच विलक्षण मनःशक्तीचा आहे. आपल्यासारख्या इतरांना शोधून तो एका बेटावर त्यांची वसाहत उभी करतो. ए. ई. व्हॅन व्होट यांच्या ‘स्लॅन’ (१९४०) मध्ये परमनोज्ञान असलेल्या एका छळग्रस्त जमातीचा मुलगा नायक आहे. आल्फ्रेड बेस्टर यांच्या ‘द डिमॉलिश्ड मॅन’ या कादंबरीला १९५३ मध्ये पहिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. मने वाचू शकणारे लोक जिथे वावरतात अशा समाजात खून करून निसटणे शक्य आहे का, हा तिचा विषय आहे.

या कादंबऱ्यांमध्ये मोठे वेगळेपण असले तरी एक गोष्ट समान आहे. त्यांतील शक्ती ही त्या व्यक्तीचा स्थायी गुणधर्म असते आणि संघर्ष घडतो तो शक्तिमान व्यक्ती आणि भोवतालचा समाज यांच्यात. डॅनियल कीज यांनी या परंपरेत एक मूलगामी बदल केला. त्यांच्या नायकाला असामान्य बुद्धी शस्त्रक्रियेने मिळते आणि काही महिन्यांतच ती ओसरते. त्यामुळे एकाच माणसाच्या आयुष्यात आपल्याला दोन टोके दिसतात. एका टोकाला त्याला कोणी गांभीर्याने घेत नाही, तर दुसऱ्या टोकाला त्याच्या बोलण्याची थोर प्राध्यापकांनाही धास्ती वाटते. या दोन्ही टोकांवरचा माणूस एकच होता का, हा या कादंबरीचा मध्यवर्ती प्रश्न आहे. तिचे वाचन करताना हा प्रश्न सतत जवळ ठेवावा.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ लेखक आणि कादंबरीची जडणघडण

डॅनियल कीज (१९२७–२०१४) यांचा जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन या भागात झाला. पुढे त्यांनी शाळेत इंग्रजीचे अध्यापन केले. या कादंबरीच्या उगमाविषयी त्यांनी स्वतः सविस्तर लिहिले आहे. त्यातील दोन गोष्टी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट त्यांच्या विद्यार्थिदशेतील आहे. आपण शिकत आहोत, पण त्या शिक्षणामुळेच आपल्या माणसांपासून दूर चाललो आहोत, ही जाणीव त्यांना तरुण वयात झाली होती. दुसरी गोष्ट अध्यापनाच्या काळातील आहे. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले होते, की मी खूप मेहनत केली आणि हुशार झालो, तर मला नेहमीच्या वर्गात घ्याल का? या प्रश्नाने कीज यांच्या मनात घर केले.

प्रथम ही कल्पना कथेच्या रूपात आली. एप्रिल १९५९ मध्ये ‘द मॅगझिन ऑफ फॅन्टसी अँड सायन्स फिक्शन’ या अमेरिकी मासिकात ती प्रसिद्ध झाली आणि १९६० मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तत्पूर्वी दुसऱ्या एका नामांकित मासिकाच्या संपादकाने शेवट सुखाचा करण्याची सूचना केली होती. ती मानली असती तर कथा लगेच छापली गेली असती. परंतु कीज यांनी नकार दिला. कथेचा विस्तार करून लिहिलेली कादंबरी १९६६ मध्ये प्रकाशित झाली. सॅम्युएल डिलनी यांच्या ‘बेबेल-१७’ या कादंबरीसमवेत तिला त्या वर्षीचा नेब्युला पुरस्कार विभागून मिळाला. १९६८ मध्ये या कथानकावर ‘चार्ली’ हा चित्रपट निघाला व नायकाच्या भूमिकेसाठी क्लिफ रॉबर्टसन यांना ऑस्कर पुरस्कार प्राप्त झाला.

शेवटाविषयीचा लेखकाचा हा आग्रह आपण ध्यानात ठेवावा. शेवट सुखाचा केला असता, तर ‘हुशार होणे म्हणजेच सुखी होणे’ असे कादंबरीचे म्हणणे ठरले असते. कीज यांना नेमके हेच समीकरण तपासून पाहायचे होते.

४.२.२ कथानक

चार्ली गॉर्डन हा ३२ वर्षांचा माणूस न्यूयॉर्कमधील एका बेकरीत झाडलोट आणि पडेल ती कामे करतो. त्याचा बुद्ध्यंक ७० च्या आसपास आहे. वाचता-लिहिता यावे, चारचौघांसारखे बोलता यावे, म्हणून तो आठवड्यातून काही दिवस प्रौढांच्या वर्गाला जातो. ॲलिस किनियन या त्याच्या शिक्षिका आहेत. शिकण्याची त्याची तळमळ पाहून त्या त्याचे नाव एका प्रयोगासाठी सुचवतात. प्राध्यापक नेमर आणि डॉ. स्ट्रॉस यांनी मेंदूवरील शस्त्रक्रियेने बुद्धी वाढवण्याचे तंत्र शोधलेले असते. अल्जरनॉन नावाच्या एका उंदरावर ते यशस्वी झालेले असते. चक्रव्यूहातून वाट काढण्याच्या शर्यतीत हा उंदीर सुरुवातीला चार्लीला वारंवार हरवतो.

शस्त्रक्रियेनंतर चार्लीची बुद्धी हळूहळू, मग झपाट्याने वाढते. तो भाषा शिकतो, ग्रंथ पचवतो आणि संशोधकांच्याही पुढे जातो. त्याचा बुद्ध्यंक १८५ पर्यंत पोहोचतो. मात्र याच काळात त्याला मागचे आठवू लागते आणि त्या आठवणींचा अर्थही कळू लागतो. बेकरीतील ज्या सोबत्यांना तो जिवलग मानत होता ते त्याच्याबरोबर हसत नव्हते, त्याला हसत होते, हे त्याच्या ध्यानात येते. मुलाचे न्यून मान्य न करणारी, पुढे त्याला घराबाहेर घालवणारी आई आठवते. बेकरीत तो कामाची सुधारित पद्धत सुचवतो, तेव्हा सोबत्यांना त्याचा धाक वाटू लागतो. त्याला काढून टाकावे, अशा अर्जावर एका वृद्ध कामगार स्त्रीचा अपवाद वगळता सगळे सह्या करतात. पूर्वी तो बुद्धिहीन म्हणून एकटा होता. आता बुद्धिमान म्हणून एकटा पडतो.

शिकागो येथील परिषदेत नेमर आपल्या प्रयोगाचे यश मांडत असताना, त्यांच्या अनुमानांत एक दोष राहून गेल्याचे चार्लीच्या ध्यानात येते. तो अल्जरनॉनला घेऊन तेथून पळ काढतो. पुढे अल्जरनॉनचे वागणे बिघडू लागते. चार्ली स्वतःच संशोधन हाती घेतो आणि जो निष्कर्ष काढतो तो त्याच्याच विरुद्ध जाणारा असतो : कृत्रिमरीत्या वाढवलेली बुद्धी जितकी अधिक वाढते, तितक्याच वेगाने ती ऱ्हास पावते. अल्जरनॉन मरतो. चार्ली त्याला घरामागच्या अंगणात पुरतो. काही महिन्यांपूर्वी ज्या ग्रंथांनी तो भारावला होता ते त्याला उमगेनासे होतात. अखेरीस तो आपण होऊन एका निवासी संस्थेत जाण्याचे ठरवतो. जाताना तो एकच विनंती करतो, की जमल्यास अल्जरनॉनच्या थडग्यावर फुले ठेवावीत. शीर्षकाचा अर्थ वाचकाला येथे, अगदी शेवटी लागतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
रिकाम्या जागा भरा.
(अ) ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’ ही कादंबरी ............ या वर्षी प्रकाशित झाली.
(आ) अल्जरनॉन हे एका ............ चे नाव आहे.
(इ) चार्लीचे नाव प्रयोगासाठी त्याच्या ............ सुचवतात.

४.२.३ निवेदनपद्धती : भाषा हेच प्रगतीचे मोजमाप

ही कादंबरी चार्लीने स्वतः लिहिलेल्या सतरा प्रगती-अहवालांतून उलगडते. मार्च महिन्यात सुरू झालेले हे अहवाल नोव्हेंबरमध्ये संपतात. सर्वज्ञ निवेदक येथे नाही. म्हणून चार्लीला जेवढे कळते तेवढेच कागदावर येते; उरलेले वाचकाला ताडावे लागते.

पहिल्या अहवालात स्पेलिंगच्या चुका पदोपदी आढळतात. वाक्ये तुटक आहेत, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. शस्त्रक्रियेनंतर चुका कमी होत जातात. ॲलिस त्याला स्वल्पविराम शिकवते तेव्हा तो हर्षाने जिथे-तिथे स्वल्पविराम पेरतो. पुढे वाक्ये लांबतात, शब्दसंग्रह विस्तारतो, उपरोध येतो, युक्तिवाद येतो. शेवटच्या अहवालांत हा प्रवास उलट दिशेने होतो. कादंबरीत बुद्ध्यंकाचे आकडे थोडे आहेत, कारण आकड्यांची गरजच उरत नाही. एखादा ओळखीचा शब्द पुन्हा चुकीचा लिहिलेला दिसतो, तेव्हाच वाचकाच्या काळजात चर्र होते.

या पद्धतीचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. सुरुवातीला बेकरीतील थट्टा चार्ली मोठ्या आनंदाने सांगतो. आपल्याला ती थट्टा आहे हे कळते. त्याला कळत नाही. म्हणजे आपण त्याच्याहून शहाणे ठरतो आणि नकळत त्याच्याकडे वरून पाहू लागतो. मध्यभागी तो आपल्या कितीतरी पुढे निघून जातो. शेवटी पुन्हा त्याला जे कळत नाही ते आपल्याला कळते. पण आता आपण पूर्वीसारखे वरून पाहू शकत नाही. वाचकाच्या दृष्टीत झालेला हा बदल हेच या निवेदनपद्धतीचे खरे साध्य होय.

४.२.४ बुद्धी आणि माणूसपण

कादंबरीतील एक प्रसंग बारकाईने पाहू. चार्ली बुद्धिमान झाल्यानंतर एका उपाहारगृहात बसलेला असतो. तेथे काम करणाऱ्या एका मंदबुद्धी मुलाच्या हातून ताटल्या फुटतात. गिऱ्हाईक हसतात. काय झाले ते नीट न उमगल्याने तो मुलगाही त्यांच्यासोबत ओशाळे हसतो. आणि चार्लीसुद्धा हसतो. पुढच्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटते आणि तो उठून सर्वांवर ओरडतो.

या प्रसंगात बुद्धी आणि समज यांतील अंतर प्रकट होते. १८५ बुद्ध्यंकाकडे वाटचाल करणारा माणूसही त्या हसण्यात सामील होऊ शकतो. त्याला थांबवते ती तीव्र बुद्धी नाही. आपणही कधीकाळी त्याच जागी होतो, ही आठवण त्याला थांबवते. नंतरच्या काळात चार्ली स्वतः उद्धट आणि आत्मकेंद्री होतो. ॲलिसवरचे त्याचे प्रेमही या ज्ञानाच्या वेगापुढे टिकत नाही. बुद्धी वाढली तरी भावनिक परिपक्वता तिच्याबरोबर आपोआप वाढत नाही, हे कीज सातत्याने दाखवतात.

परिषदेच्या प्रसंगात हाच प्रश्न उघडपणे येतो. प्रयोगाआधी जणू चार्ली नावाचा माणूसच अस्तित्वात नव्हता आणि आपण त्याला घडवले, असा नेमर यांच्या बोलण्याचा सूर असतो. चार्लीचा सगळा विरोध या एका गृहीतकाला आहे. शस्त्रक्रियेआधीही तो माणूस होता. त्याला इच्छा होत्या, लाज होती, मैत्रीची ओढ होती. ज्या मुलाने कीज यांना ‘मी हुशार झालो तर घ्याल का’ असे विचारले, त्याच्या प्रश्नामागेही हेच दुःख होते : आत्ता मी जसा आहे तसा मला कोठे जागा आहे का?

येथे शेवटच्या भागातील एक तपशील महत्त्वाचा ठरतो. बुद्धी ओसरल्यावर चार्ली बेकरीत परत जातो. एक नवा कामगार त्याची चेष्टा करतो, तेव्हा पूर्वी त्याला हसणारे सोबतीच त्याच्या बाजूने उभे राहतात. बुद्धी त्यांची वाढलेली नाही. तरीही त्यांच्यात काहीतरी बदलले आहे.

४.२.५ विज्ञानकादंबरी म्हणून विचार

या कादंबरीतील विज्ञान मोजके आहे. शस्त्रक्रियेचे तांत्रिक तपशील लेखक फारसे देत नाहीत. तरीही ती अस्सल विज्ञानकादंबरी आहे, कारण तिचे कथानक एका वैज्ञानिक गृहीतकावर उभे आहे आणि त्या गृहीतकाचे परिणाम ती तर्कशुद्धपणे शेवटपर्यंत नेते. गृहीतक मांडणे, प्रयोग करणे, निरीक्षणे नोंदवणे आणि निष्कर्ष स्वीकारणे हा विज्ञानाचा क्रम आहे. येथे नोंदी ठेवणारा स्वतःच प्रयोगवस्तू आहे. म्हणून निष्कर्ष स्वीकारणे हे त्याच्यासाठी शौर्याचे कृत्य ठरते.

विज्ञानाच्या नीतीचाही प्रश्न कादंबरी विचारते. मानवावरील प्रयोगांत त्या व्यक्तीची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे, हे तत्त्व १९४७ च्या नुरेंबर्ग संहितेत नमूद झाले. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने वैद्यकीय संशोधनासाठी अधिक तपशीलवार नियम घालून दिले. चार्ली प्रयोगाला आनंदाने तयार होतो. त्याच्या बहिणीचीही परवानगी घेतली जाते. तथापि, ज्याला धोक्याचे स्वरूपच समजू शकत नाही त्याच्या होकाराला संमती म्हणता येईल का? कादंबरी याचे सोपे उत्तर देत नाही.

बुद्धीच्या मोजमापाचाही येथे विचार करावा. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बीने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती शाळेत अधिक साहाय्य लागणारी मुले ओळखण्यासाठी. साहाय्यासाठी केलेले हे मोजमाप पुढे माणसांवर शिक्का मारण्यासाठी वापरले गेले. चार्ली अशा शिक्क्यांचे ओझे वाहतो. आपल्याकडेही ‘मतिमंद’ हा शब्द शास्त्रीय संज्ञा म्हणून आला आणि व्यवहारात शिवीसारखा वापरला जाऊ लागला. आज ‘बौद्धिक दिव्यांगता’ अशी संज्ञा वापरली जाते आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसाठीचा २०१६ चा कायदा तिची दखल घेतो. परंतु केवळ शब्द बदलून दृष्टी बदलते का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

४.२.६ मराठी वाचकापुढील प्रश्न

कल्पना करा की या कादंबरीचे पहिले अहवाल तुम्हाला मराठीत आणायचे आहेत. इंग्रजीत लिखित रूप आणि उच्चार यांत मोठी तफावत असते. चार्ली शब्द कानाला ऐकू येतो तसा लिहितो, त्यामुळे त्याच्या चुका होतात. मराठीचे लेखन बरेचसे उच्चारानुसारी आहे. मग मराठी चार्ली कोठे चुकेल? ‘मी’ ऐवजी ‘मि’, जोडाक्षरे फोडून लिहिणे, अनुस्वार गाळणे, शब्दांत अंतर न सोडणे, असे पर्याय सुचतात.

भाषांतरकाराने मात्र एक धोका ओळखला पाहिजे. ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’, ‘कोण’ ऐवजी ‘कोन’ असे लिहिले, तर मराठी वाचकाला तो प्रदेशाचा किंवा समाजाचा भेद वाटेल. कोट्यवधी बुद्धिमान माणसे घरी तसेच बोलतात. बोलीतील उच्चार मंदबुद्धीची खूण म्हणून वापरणे म्हणजे बोलीवर आणि ती बोलणाऱ्यांवर अन्याय करणे होय. एवढे असूनही, प्रमाण भाषेहून वेगळे बोलणाऱ्याला आपण किती चटकन ‘अडाणी’ ठरवतो! चार्लीच्या चुका मराठीत कशा दाखवाव्यात हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न आपल्याला आपल्याच पूर्वग्रहांपाशी आणून सोडतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांनी नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून पुन्हा शिक्षण सुरू केले आहे. दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गाला जाणारा चार्ली तुम्हाला परका वाटू नये. शिकल्यामुळे आपल्या माणसांशी नवे अंतर निर्माण होते, हा लेखकाचा अनुभवही तुमच्यापैकी काहींनी घेतला असेल. कादंबरीच्या अखेरीस चार्ली विसरून आपल्या जुन्या वर्गात जाऊन बसतो. ॲलिसला अश्रू आवरत नाहीत आणि ती वर्गाबाहेर निघून जाते. बाकी सारे ओसरले तरी वर्गात जाण्याची त्याची सवय शिल्लक राहिली आहे. शिकण्याची ही ओढ शस्त्रक्रियेने दिलेली नव्हती; म्हणून शस्त्रक्रियेचा परिणाम संपल्यावरही ती गेली नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
पुढील विधाने योग्य की अयोग्य ते सांगा.
(अ) कादंबरीचे निवेदन सर्वज्ञ निवेदक करतो.
(आ) उपाहारगृहातील प्रसंगात चार्ली स्वतःही आधी हसतो.
(इ) पहिली बुद्धिमापन चाचणी मुलांना शाळेबाहेर काढण्यासाठी तयार केली गेली.

४.३ सारांश

असामान्य मानसिक शक्तीचा नायक हा विज्ञानसाहित्यातील परिचित विषय आहे. डॅनियल कीज यांनी ही शक्ती नायकाला देऊन पुन्हा काढून घेतली आणि शक्तीऐवजी माणसाला केंद्रस्थानी आणले. अहवालांच्या रूपातील निवेदनामुळे चार्लीच्या बुद्धीचा चढउतार भाषेतूनच अनुभवास येतो. बुद्धी आणि माणुसकी या वेगळ्या गोष्टी आहेत, माणसाचे मोल त्याच्या बुद्ध्यंकावर अवलंबून नसते आणि विज्ञानाने प्रयोगवस्तू झालेल्या माणसाचा माणूस म्हणून आदर राखला पाहिजे, ही या कादंबरीची आशयसूत्रे आहेत. मराठीतून तिचा विचार करताना भाषा, बोली आणि बुद्धी यांविषयीचे आपले पूर्वग्रहही तपासून पाहावे लागतात.

४.४ पारिभाषिक शब्द

बुद्ध्यंक : बुद्धिमापन चाचणीतून मिळणारा, समवयस्कांच्या तुलनेत व्यक्तीचे स्थान दर्शवणारा अंक.
परमनोज्ञान : इंद्रियांच्या साहाय्याविना दुसऱ्याच्या मनातील विचार जाणण्याची कल्पित शक्ती.
गृहीतक : तपासून पाहण्यासाठी तात्पुरते मान्य केलेले विधान.
सर्वज्ञ निवेदक : सर्व पात्रांची मने व सर्व घटना जाणणारा, कथेबाहेरचा निवेदक.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) १९६६ (आ) उंदरा (इ) शिक्षिका ॲलिस किनियन
प्रश्न – २ : (अ) अयोग्य (आ) योग्य (इ) अयोग्य

४.६ स्वाध्याय

१. ‘ऑड जॉन’, ‘स्लॅन’ आणि ‘द डिमॉलिश्ड मॅन’ या कादंबऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चार्ली गॉर्डन या नायकाचे वेगळेपण स्पष्ट करा.
२. ‘या कादंबरीत भाषा हेच प्रगतीचे मोजमाप आहे’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
३. चार्लीने प्रयोगाला दिलेला होकार खरी संमती मानता येईल का? तुमचे मत कारणांसह लिहा.
४. उपक्रम : तुमच्या घरी किंवा परिसरात वयाच्या तिशीनंतर लिहायला-वाचायला शिकलेली व्यक्ती असेल, तर त्यांची परवानगी घेऊन त्यांच्याशी बोला. शिकल्यामुळे त्यांना काय मिळाले आणि काय दुरावले, हे त्यांच्याच बोलीत, कोणतीही दुरुस्ती न करता एक पानभर लिहून काढा. नंतर तेच लेखन प्रमाण मराठीत आणा. दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचा आणि या बदलात त्या व्यक्तीचे काय हरवले, याची नोंद करा.